पालक-बटाट्याच्या भाजीतला पाण्याचा हिशेब

हॉटेलात 'आलू पालक' मागवलं की समोर एक हिरवा लगदा येतो. पालक उकडून मिक्सरमधून फिरवलेला, वरून सायीची नक्षी, आणि आत कुठंतरी उकडलेल्या बटाट्याच्या चार फोडी. ग्रेव्ही पालक पनीरचीच असते. पनीरच्या जागी बटाटा पडला की नाव बदलतं आणि दर थोडा उतरतो, एवढाच फरक. मला ती भाजी आवडत नाही. भाकरीबरोबर तर ती चालतच नाही. आपल्या कडक भाकरीला चुरून खायला पातळ आमटी तरी पाहिजे, नाही तर कोरडी भाजी. मधलं काही तिला मानवत नाही.

मी घरी करतो ती कोरडी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब लिहितो. संध्याकाळी बायकोच्या शिकवण्या असतात, त्यामुळे रात्रीची भाजी माझ्याकडे आणि भाकरी आईकडे अशी वाटणी आहे. (माझ्या हातच्या भाकरीला आई भाकरी म्हणत नाही.)

ही भाजी मी शिकलो पानिपतला. हसू नका. चादरी-टॉवेलच्या धंद्यात सोलापूरकराला पानिपत टाळता येत नाही. आपण जो माल करतो त्याच्याशी मिळताजुळता माल तिथंही होतो, आणि आपला दर ठरवताना तिथल्या दराकडे बघावंच लागतं. एका जुन्या मागांच्या व्यवहारासाठी मालकांबरोबर गेलो तेही नेमकं संक्रांतीच्या सुमाराला. लढाई १७६१ च्या १४ जानेवारीची, म्हणजे तिथीवार नसलं तरी तारीखवार मुहूर्त बरोबर साधला होता. आई म्हणाली, "गड्ड्याची जत्रा सोडून पानिपतावर कोण जातंय रे?" सिद्धेश्वराच्या काठ्या निघायच्या दिवसांत सोलापूर सोडणं हे तिच्या मते खरं पानिपत.

तिथं थंडी अशी की पाण्यात हात घालवेना. आमची राहायची सोय होती तिथला स्वयंपाकी मूळचा बलियाचा, उत्तर प्रदेशाच्या पार पूर्व टोकाचा. रात्री जेवणात त्यानं आलू-पालक दिलं आणि त्यात रस्सा नव्हता. बटाट्याच्या फोडी कडेनं खरपूस, त्यांना पालक चिकटलेला, मधूनच अख्खी लसणाची पाकळी दाताखाली येणारी. कांदा नाही, टोमॅटो नाही, गरम मसाला नाही. दुसऱ्या दिवशी मी सरळ त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. त्यानं मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवलं, आच कमी करून मेथीदाणे टाकले, मग सुक्या लाल मिरच्या, लसूण आणि सालासकट बटाटे. बटाटे जवळजवळ झाल्यावर चिरलेल्या पालकाचा एवढा डोंगर वर ठेवला की कढईच दिसेना. मी विचारलं, पाणी? तो म्हणाला, "पानी किसलिए साहब, पालक में पानी ही तो है."

हे वाक्य हिशेबनिसाच्या डोक्यात बसायलाच पाहिजे होतं. पालकात वजनाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. निवडलेला अर्धा किलो पालक कढईत टाकला म्हणजे जवळजवळ दोन मोठे पेले पाणी टाकलं. बटाट्यातही ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच. म्हणजे या भाजीत जमेची बाजू आधीच भरलेली आहे, आपल्याला फक्त खर्च टाकायचा आहे. ज्यांची ही भाजी गिचका होते त्यांचं तिखटमीठ कधीच चुकलेलं नसतं, त्यांनी पाणी घालवलेलं नसतं.

आता बाजार. पालक मी घेतो लक्ष्मी मार्केटमधून, कारखान्यातून येताना. आजूबाजूच्या गावांतल्या बायका पेंड्या घेऊन बसलेल्या असतात. उन्हाळ्यात संध्याकाळचा पालक घेऊ नये. दिवसभर त्यावर ओलं किलतान टाकून आणि पाणी मारून मारून तो हिरवा दिसतो खरा, पण घरी आणून पेंडी सोडली की आतली पानं पिवळी आणि चिकट. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, त्यात पालकाचा काय दोष. त्या दिवसांत सकाळी जमलं तर आणायचा, नाही तर सरळ शेवग्याच्या शेंगा घ्यायच्या. पेंडी हातात घेतल्यावर मी देठ मोडून बघतो. कट्‌कन मोडला तर ताजा, वाकला तर सकाळचा. एक मावशी मला बघितलं की आधीच सांगतात, "मोडू नका ओ, ताजीच हाय," आणि मी मोडतोच.

एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली. आपण मंडईतून 'पालक' म्हणून जो आणतो तो बहुतेक वेळा बिटाच्या कुळातला असतो. परदेशी पाककृतींत जो 'स्पिनॅच' असतो ती वनस्पती वेगळी. आपल्याकडे तिला विलायती पालक म्हणतात. शेतकरी लावतात त्या 'ऑल ग्रीन', 'पुसा ज्योती' या जाती बिटाच्या भावकीतल्या. म्हणून आपला पालक एकदा पेरला की पुन्हा पुन्हा कापता येतो, त्याचं पान जाडसर असतं, देठ रसाळ असतो आणि चवीला अंगचा थोडा खारटपणा असतो. याचा स्वयंपाकात उपयोग असा की परदेशी कृतीत 'एक मिनिट परता' असं लिहिलेलं असेल तर आपल्या पालकाला तेवढ्यानं काही होत नाही. देठांना तर नाहीच. आणि मीठ नेहमीच्या अंदाजापेक्षा कमी लागतं.

बटाट्याचं मात्र लोक काही बघतच नाहीत, तागडीत टाकतील ते घेतात. दिवाळीच्या आसपास मिळणारा बटाटा बहुधा शीतगृहातला असतो. फार थंडीत ठेवलेल्या बटाट्यातला स्टार्च हळूहळू साखर होतो, म्हणून तो चवीला गोडसर लागतो आणि कढईत आतून शिजायच्या आधीच वरून काळपट होतो. असा बटाटा आणून आठ-पंधरा दिवस टोपलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात उघडा ठेवला तर गोडी बरीच उतरते. फ्रिजमध्ये ठेवला तर वाढते. आमच्याकडे यावरून वाद आहे, कारण बायकोला सगळं फ्रिजमध्ये हवं असतं. सालाखाली हिरवा पडलेला बटाटा असेल तर तो भाग खोलवर कापून टाकायचा, आणि फारच हिरवा असेल तर बटाटाच टाकायचा.

पालक भरपूर पाण्यात धुवावा असं सगळे सांगतात. सोलापुरात हे सांगणं सोपं आहे. उजनीचं पाणी शंभर किलोमीटरांच्या वर पाइपातून प्रवास करून येतं आणि तरी आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड. म्हणून आमच्याकडे तीन पातेली. पहिल्यात पालक बुडवायचा, खळबळायचा आणि हातानं उचलून दुसऱ्यात टाकायचा. पातेलं चाळणीत ओतायचं नाही. ओतलं की तळाला बसलेली माती पुन्हा पानांवर येऊन बसते. दुसऱ्यातून तिसऱ्यात. पहिलं पाणी कढीपत्त्याच्या झाडाला, तिसरं नितळ असतं ते भांडी विसळायला. धुतलेला पालक रोळीत निथळायचा, मग टॉवेलावर पसरायचा. इथं मी नशीबवान आहे. कारखान्यातला सेकंडचा माल, म्हणजे कडेला एखादा धागा सुटलेला किंवा रंगात डाग असलेला टॉवेल, घरात कायम असतो. टेरीच्या फासांनी पानांवरचं पाणी दहा मिनिटांत ओढून घेतलेलं असतं. हिशेबातला पहिला खर्च इथंच पडला.

प्रमाण चौघांचं सांगतो. पालकाच्या दोन मोठ्या पेंड्या, निवडून अर्धा किलोच्या आसपास. मध्यम बटाटे चार. लसूण एक अख्खा गड्डा, हो, अख्खा. हिरव्या मिरच्या तीन-चार, सोबत एक-दोन सुक्या लाल. शेंगतेल तीन मोठे चमचे. जिरं, मोहरी, चिमूटभर हिंग, अर्धा चमचा हळद, चमचाभर धनेपूड, शेंगदाण्याचं भरड कूट दोन मोठे चमचे, लिंबू. मेथीदाणे आठ-दहाच, जास्त नाहीत. मोहरीचं तेल मी एकदा आणलं होतं, पण त्याचा धूर निघाल्यावर शेजारपाजारचे विचारायला आले, आणि आईनं ती बाटली देवाच्या दिव्याला लावून संपवली. तेव्हापासून शेंगतेल. मला विचाराल तर तेच बरं. बलियाच्या माणसाला नाकात झिणझिण्या आणणारा वास हवा असतो. आपल्या जिभेला शेंगतेलाची सवय आहे, आणि पुढं कूट पडायचंच आहे.

बटाटे सालासकट, बोटाच्या पेराएवढ्या फोडी. चिरल्यावर पाण्यात टाकायचे म्हणजे काळे पडत नाहीत आणि वरचा स्टार्चही धुतला जातो. पण कढईत टाकायच्या आधी त्याच टॉवेलावर कोरडे करायचे. ओल्या फोडी तेलात तळल्या जात नाहीत, वाफवल्या जातात, आणि कढईला चिकटतात ते वेगळंच.

कढई लोखंडी. ती आधी नीट तापू द्यायची, मग तेल. मोहरी तडतडली की जिरं, मेथीदाणे, हिंग, लाल मिरच्या. मेथीदाणा तांबूस झाला की लगेच फोडी टाकायच्या. तो काळा झाला तर पूर्ण भाजी कडू. फोडी पसरायच्या आणि नंतर उलथन्याला हात लावायचा नाही. हे फार अवघड आहे. दर अर्ध्या मिनिटाला ढवळायची आपल्याला सवय असते, पण एक बाजू सोनेरी झाल्याशिवाय ती फोड सुटत नाही, आणि ओढून सुटली तर साल कढईला. चार-पाच मिनिटांनी एकदा उलटायच्या. हळद, अर्धं मीठ, मंद आच, झाकण. दहा-बारा मिनिटांत सुरी आरपार जाते. झाकणावर जमलेलं पाणी कढईत पडू द्यायचं नाही, झाकण आडवं उचलून बाजूला पुसायचं. हा दुसरा खर्च.

लसूण मी दोन हप्त्यांत घालतो. निम्म्या पाकळ्या अख्ख्या, बटाट्यांबरोबर. बाकीच्या हिरव्या मिरच्यांबरोबर खलबत्त्यात ठेचून, बटाटे शिजल्यावर, कढईच्या मध्यात जागा करून. पहिल्यांदाच सगळा लसूण टाकला तर ठेचलेला जळतो आणि बटाटे कच्चेच असतात.

मग पालक. देठ बारीक चिरून आधी, दोन मिनिटं. पानं बोटभर रुंद चिरायची, फार बारीक नाही, नाही तर पुन्हा तो हॉटेलातला लगदा. पानं टाकल्यावर झाकण ठेवायचं नाही आणि आच मोठी करायची. याला कारण दोन. एक तर पाणी उडून जायला हवं. दुसरं, पालक तापला की त्याच्या पेशींतली आम्लं सुटतात. हिरव्या रंगाच्या रेणूत मध्यभागी मॅग्नेशियम असतं, ते या आम्लांमुळे निखळतं आणि पान शेवाळी होतं. झाकण ठेवलं की वाफेबरोबर जाऊ शकणारी आम्लंही कढईतच कोंडली जातात. काही जण रंग टिकवायला चिमूटभर सोडा घालतात. रंग टिकतो, पण पान गिळगिळीत होतं आणि जीवनसत्त्वंही जास्त जातात. सोड्याची जागा भज्यांत, पालकात नाही.

डोंगर बसतो, कढईच्या तळाला पाणी दिसायला लागतं, चरचर थांबते. याच वेळी बहुतेक जण गॅस बंद करतात. थांबा. ती चरचर पुन्हा सुरू होईपर्यंत थांबायचं. पाणी संपून तेल पुन्हा तापलं की आवाज बदलतो, आणि मग एका मिनिटात पालक फोडींना धरतो. धनेपूड आणि उरलेलं मीठ आत्ता, चव बघून. कच्च्या पालकाचा ढीग बघून मीठ घातलं तर हमखास खारट. गॅस बंद करून वर कूट भुरभुरायचं. कूट भरडच हवं, तोंडात दाणा लागला पाहिजे. पाण्याची शेवटची जी काही शिल्लक असेल ती कूट ओढून घेतं आणि ताळेबंद जुळतो. घाईच्या दिवशी कुटाऐवजी मी आपली उखळात कुटलेली शेंगाचटणीच घालतो. मग लसूण, तिखट आणि मीठ तिघंही कमी करायला लागतात.

भाजी झाल्यावर लोखंडी कढईत राहू द्यायची नाही. लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची, नाही तर काळी पडते आणि लोखंडाची तुरट चव उतरते.

आता काळ्या तिखटाबद्दल. आमच्या घरात एकही भाजी काळ्या तिखटाशिवाय होत नाही. आईचं काळं तिखट उत्तम आहे, सुकं खोबरं, दगडफूल, सगळं नीट भाजून केलेलं, वर्षाचं. पण या भाजीत ते घातलं की पालक, बटाटा, वांगं, दोडका, सगळ्याची चव एकच. मी घालत नाही. बायको घालते, माझी पाठ वळली की. तिचं म्हणणं, तिखट नसेल तर ती भाजी आजाऱ्याची. या मुद्द्यावर आमच्यात समेट झालेला नाही.

शेजारच्या अक्कांची तऱ्हा आणखी वेगळी. अक्का पूर्वभागातल्या, अशोक चौकाकडच्या. तेलंगणातून विणकामासाठी सोलापुरात आलेल्या पद्मशाली कुटुंबांपैकी त्यांचं घर, सासरे हातमागावर बसायचे. त्या फोडणीत उडदाची डाळ लाल करतात, कढीपत्ता भरपूर, आणि शेवटी चिंचेचा घट्ट कोळ. चिंचेनं पालकाचा रंग पार जातो हे मी त्यांना अगदी शास्त्रासकट सांगितलं. अक्का म्हणाल्या, "रंग कशाला बघायलाव ओ, खावा की." खाल्ली. चांगली असते. उडदाच्या डाळीचा कुरकुरीतपणा तर मी आता उचललाच आहे. चिंचेचं एक मात्र लक्षात ठेवा, आणि ज्यांना टोमॅटो घालायचाच आहे त्यांनीही: आंबट पदार्थ बटाटा पूर्ण शिजल्यावरच घालायचा. आम्लात बटाटा मऊच होत नाही, कितीही वेळ शिजवा, फोड आतून करकरीत राहते. अक्का कोळ अगदी शेवटी घालतात. शास्त्र त्यांना सांगायची गरज नव्हती.

मी लिंबू पिळतो, तेही ताटात. पालकात लोह असतं, पण ते अंगाला सहजी लागत नाही. लिंबातलं क जीवनसत्त्व त्याला मदत करतं. आणि चव तर खुलतेच.

वडिलांसाठी मात्र वेगळी वाटी काढावी लागते. त्यांना मुतखड्याचा त्रास होऊन गेलाय, आणि पालकात ऑक्झॅलेट, म्हणजे ज्याचे खडे होतात तो क्षार, भरपूर. डॉक्टरांनी बंद कर म्हटलं नाही, कमी कर म्हटलंय. त्यांच्या वाट्याचा पालक मी भरपूर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाकतो, ते पाणी ओतून देतो आणि पिळून मग कढईत घालतो. विरघळणारं ऑक्झॅलेट बरंचसं त्या पाण्याबरोबर जातं. थोडी चवही जाते. म्हणून त्यांच्या वाटीत लसूण जास्त असतो आणि त्यावर ते खूश असतात. दह्याची वाटीही सोबत असते, कारण दह्यातलं कॅल्शियम पोटातच ऑक्झॅलेटला धरून ठेवतं. हे पाणी पिठात किंवा आमटीत वापरायचा मोह होतो, पाण्याचं मोल माहीत असल्यामुळे जास्तच. पण ज्याच्यासाठी ते काढलं त्याच्याच ताटात ते परत घालण्यात अर्थ नाही.

भाजी भाकरीबरोबर खायची, चपातीबरोबर नाही, हे माझं मत. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या काळ्या मातीतली मालदांडी आमच्याकडे वर्षाची भरलेली असते. तिच्या पिठाला गोडी असते आणि भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. कडक भाकरी असेल तर तिचा तुकडा चमच्यासारखा धरून भाजी उचलायची. कोरडी असल्यामुळे भाजी त्यावर राहते, ओघळत नाही. सोबत कच्चा कांदा, बुक्की मारून फोडलेला.

भाजी उरत नाही म्हणून मी मुद्दाम जास्त करतो, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी धपाटे करता येतात. उरलेली भाजी हातानं कुस्करायची, लाल मिरच्या काढून टाकायच्या. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, थोडी कणीक, तीळ, ओवा. पाणी आधी घालू नका. भाजी पिठात मळून बघा, बटाटा पीठ धरतो. मग लागलं तर चमच्या-चमच्यानं. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकायचे, मध्ये भोक पाडून तेल सोडायचं. मीठ मात्र अगदी चिमूटभर, भाजीत आहेच.